मुलाखतीनंतर ‘कळवतो’ म्हणाले आणि गप्प झाले, आता काय?

प्रश्न थोडक्यात असा: चाकणमधल्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी तिसरी फेरी झाली, त्याला आता दोन आठवडे होतील. एचआरच्या मॅडम ‘दोन-तीन दिवसांत कळवते’ म्हणाल्या होत्या. मध्ये एकदा फोन केला, तो उचलला गेला नाही. वडील म्हणतात रोज फोन कर, मित्र म्हणतो गप्प बस, गरजू वाटशील. सध्याच्या कंपनीत नोटीस पिरियड 90 दिवसांचा आहे. काय करावं?

दोघांचंही ऐकू नका. मी पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यात भरतीचं काम बरीच वर्षं करतोय, आधी कंपन्यांच्या एचआरमध्ये आणि आता बाहेरून. ‘सर, माझं काय झालं?’ एवढंच विचारणाऱ्या फोनला ‘कळवतो’ हेच उत्तर मिळतं, मग तो रोज करा की आठवड्याने. उत्तर येतं ते एचआरच्या उपयोगाचं काहीतरी नवीन सांगणाऱ्या मेलला. तुमच्याकडे तसं सांगण्यासारखं आहे, त्याकडे येतोच. आधी तुमची फाइल आत्ता कुठे अडकलेली असू शकते ते बघू, कारण ते माहीत नसलं की माणूस शांततेचे भलतेच अर्थ काढत बसतो.

फेरी संपली की पॅनलमधल्या प्रत्येकाने मूल्यमापनाचा फॉर्म भरायचा असतो. क्वालिटी हेडने तो भरला नाही तर एचआर पुढे सरकू शकत नाही. आणि क्वालिटी हेडला वेळ का मिळत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको: आयएटीएफ 16949 चं (वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाचं) ऑडिट तोंडावर आलंय, कस्टमरची माणसं लाइनवर उभी आहेत, महिनाअखेरीचं डिस्पॅच अडकलंय. फॉर्मवर साधारण तीन खाने असतात, सिलेक्ट, रिजेक्ट आणि होल्ड. गर्दी कायम होल्डमध्ये.

सिलेक्टवर टिक झाली तरी लगेच ऑफर निघत नाही. पुढे फिटमेंट येतं. तुमचा सध्याचा पगार, तुम्ही मागितलेला पगार आणि त्याच ग्रेडमध्ये आधीपासून असलेल्या लोकांचा पगार हे तिन्ही आकडे शेजारी मांडले जातात. नव्या माणसाला जुन्यांपेक्षा जास्त दिलं की ते महिन्याभरात सगळ्या शॉपफ्लोअरला कळतं आणि जुने एकेक करून एचआरच्या केबिनबाहेर उभे राहतात. त्यामुळे हा हिशेब जपून होतो. मग अप्रूव्हल नोट निघते: प्लांट हेड, एचआर हेड, फायनान्स. घरच्या मालकीची कंपनी असेल तर शेवटची सही मालकांची, आणि ते परदेशात प्रदर्शनाला गेलेले असतात. मार्च महिना असेल तर ‘नव्या बजेटमध्ये बघू’ म्हणून नोट बाजूला पडते. (पितृपक्षात मात्र उलटं असतं. ऑफर लेटर तयार असतं आणि उमेदवारच म्हणतो, घटस्थापना होऊ द्या, मग सही करतो.)

शांततेचं आणखी एक कारण असतं आणि ते तुम्हाला कोणीही तोंडावर सांगणार नाही. तुम्ही दुसऱ्या क्रमांकावर असता. पहिल्याला ऑफर गेलेली असते, त्याने ‘घरी विचारून सांगतो’ म्हटलेलं असतं, आणि तो ते ऑफर लेटर दाखवून आणखी दोन ठिकाणी भाव करत असतो. तो रुजू होईल याची खात्री होईपर्यंत एचआर तुम्हाला होही म्हणत नाही आणि नाहीही. हे तुम्हाला अपमानास्पद वाटेल, पण मी त्याकडे तसं बघत नाही. 90 दिवसांच्या नोटीसच्या काळात पहिला उमेदवार गळणं ही आमच्या धंद्यात रोजची गोष्ट आहे, आणि तो गळला की त्याच संध्याकाळी दुसऱ्याला फोन जातो. या दुसऱ्या जागेवर असताना तुमच्या मेलला खरी किंमत असते.

आता वेळेचं. चाकण-भोसरीकडच्या बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. बाहेरून अर्ज करणारे बुधवारी संध्याकाळी मेल टाकतात आणि शुक्रवारी सकाळी ‘दोन दिवस झाले उत्तर नाही’ म्हणून अस्वस्थ होतात. शिवाय मध्यम आकाराच्या कंपनीत भरती बघणारी मॅडमच हजेरी, पगार, कॅन्टीनचं कंत्राट आणि अॅप्रेंटिसची कागदपत्रंही बघत असते. महिन्याच्या सुरुवातीला पगार, त्यानंतर 15 तारखेच्या आत पीएफ आणि ईएसआयचं चलन. त्या दिवसांत तिला भरतीबद्दल विचारलं की ती फोन उचलत नाही, उचलला तरी मनावर घेत नाही. 16 ते 25 या तारखांत, सकाळी अकरानंतर किंवा दुपारी तीन-साडेतीनला केलेला फोन जास्त लागतो. हा नियम मी कुठे वाचलेला नाही, पण तो चालतो. हिंजवडीच्या मोठ्या आयटी कंपन्यांत भरतीची माणसं वेगळी असतात, तिथे तारखांचा एवढा फरक पडत नाही. सोमवारची सकाळ मात्र तिथेही टाळा.

तुम्हाला ‘दोन-तीन दिवसांत’ सांगितलं होतं. या वाक्याचा कॅलेंडरशी संबंध नसतो. उमेदवाराला गेटपर्यंत सोडताना काहीतरी बोलायचं म्हणून ते बोललं जातं. पुढच्या मुलाखतीला उठण्याआधी नेमकं विचारून घ्या: “पुढची पायरी काय असते, आणि मी कोणाशी संपर्क ठेवू?” मेल आयडी किंवा थेट नंबर तिथेच मागा, नाहीतर रिसेप्शनचा लँडलाइन आणि त्यावरचं संगीत एवढंच हाती राहतं.

मुलाखतीनंतर आभाराचा मेल पाठवायचा का, असंही बरेच जण विचारतात. कारखान्यांच्या जगात त्याची कोणी वाट पाहत नाही. ‘आपला बहुमूल्य वेळ दिल्याबद्दल’ छापाच्या मेलने कोणाची निवड झालेली मी पाहिली नाही, आणि कोणी नाकारला गेलेलाही पाहिला नाही. पण एका प्रकारच्या मेलने फरक पडतो. समजा तुम्हाला विचारलं की नवीन पार्टच्या पीपीएपीमध्ये (उत्पादनाआधी कस्टमरकडून पार्ट मंजूर करून घेण्याच्या प्रक्रियेत) स्पेशल कॅरेक्टरिस्टिकसाठी, म्हणजे पार्टच्या खास महत्त्वाच्या मापासाठी, प्रोसेसच्या क्षमतेचा आकडा किती दाखवावा लागतो, आणि घाईत तुम्ही 1.33 सांगून मोकळे झालात. बाहेर पडल्यावर आठवलं की सुरुवातीच्या प्रोसेस स्टडीत आकडा 1.67 च्या वर लागतो, 1.33 ते 1.67 मध्ये आला तर कस्टमरशी बोलावं लागतं. मग त्याच दिवशी दोन ओळी लिहा: असा प्रश्न होता, मी असं उत्तर दिलं, बरोबर उत्तर हे आहे, आणि आमच्याकडे एका पार्टला आकडा कमी होता तेव्हा आम्ही शंभर टक्के तपासणी लावून तो मधला काळ काढला होता. क्वालिटी हेड हा मेल वाचतो. ज्याला स्वतःची चूक दिसते आणि जो ती लपवत नाही, असा माणूस त्याला हवाच असतो. पार्टचं किंवा कस्टमरचं नाव मात्र लिहू नका. आज त्यांची गुपितं फोडणारा उद्या आमचीही फोडेल, हा हिशेब पॅनलमधला कोणीही करू शकतो.

तुमच्या बाबतीत ती वेळ गेली. आता दोन आठवड्यांनंतरचा मेल.

तुमच्याकडे सांगण्यासारखी नवीन गोष्ट आहे ती नोटीस पिरियडची. 90 दिवस हा आकडा एचआरच्या शीटमध्ये तुमच्या नावापुढे लाल रंगात असणार. सध्याच्या साहेबांना काहीही न विचारता एक काम करा: तुमचं नेमणूकपत्र काढा आणि नोटीसचं कलम शब्दशः वाचा. ‘नोटीस किंवा त्याऐवजी पगार’ असं असेल तर पैसे भरून लवकर सुटता येतं का, ते ठरवणं तुमच्या हातात आहे की फक्त कंपनीच्या, आणि रक्कम बेसिकवर मोजतात की पूर्ण पगारावर, हे तीन मुद्दे बघा. शिल्लक रजा नोटीसमध्ये वळती होते का तेही. त्यातून जे खरं निघेल तेवढंच लिहा. मेल तुम्ही इंग्रजीतच पाठवाल, पण मजकूर साधारण असा असू द्या:

“नमस्कार मॅडम, अमुक तारखेला प्लांटवर सीनियर इंजिनिअर, क्वालिटी या जागेसाठी माझी तिसरी फेरी झाली. या जागेवर काम करण्याची माझी तयारी कायम आहे. त्या दिवशी मी नोटीस 90 दिवस सांगितली होती. माझ्या नेमणूकपत्रात उरलेल्या दिवसांचा पगार भरून आधी मोकळं होण्याची तरतूद आहे, त्यामुळे ऑफर मिळाल्यापासून साधारण 60 दिवसांत रुजू होता येईल. पगाराच्या स्लिपा किंवा इतर कागदपत्रं लागत असतील तर आजच पाठवतो. निर्णय अंदाजे कधीपर्यंत अपेक्षित आहे, ते कळवाल का?”

खाली पूर्ण नाव आणि मोबाइल नंबर. बस. नवीन मेल उघडू नका, मुलाखतीचं बोलावणं ज्या मेलने आलं त्यालाच रिप्लाय करा, म्हणजे तुमचा बायोडेटा आणि तारखा तिला खालीच दिसतील. सकाळपासून तिने तीस ‘राहुल’ पाहिलेले असतात. विषयात ‘जेंटल रिमाइंडर’ लिहू नका, तो शब्दप्रयोग थकबाकी वसूल करणाऱ्यांनी वापरून वापरून झिजवलाय. एचआर हेडला सीसीमध्ये घालू नका. त्याने काम लवकर होत नाही, मॅडम दुखावल्या मात्र जातात, आणि तुमची फिटमेंट शीट त्यांच्याच हातात असते.

मेलनंतर तीन-चार कामाचे दिवस जाऊ द्या, मग एक फोन. सुरुवात स्वतःच्या पूर्ण ओळखीने करा: “नमस्कार मॅडम, मी अमुक बोलतोय, क्वालिटीच्या जागेसाठी तिसऱ्या फेरीला आलो होतो. दोन मिनिटं बोलता येईल का?” त्या म्हणतील, “हो, ते प्रोसेसमध्ये आहे.” इथे बहुतेक जण ‘ओके मॅडम, थँक्यू’ म्हणून फोन ठेवतात. ठेवू नका. विचारा: “पॅनलचा फीडबॅक आलाय का मॅडम, की त्याचीच वाट आहे?” या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही असं देता येतं, आणि दिरंगाई आपली नसून दुसऱ्या खात्याची आहे हे सांगण्याची सोयही त्यात असते, म्हणून लोक खरं बोलतात. शेवटी: “मग मी पुढच्या शुक्रवारी एक मेल टाकला तर चालेल ना?” आता पुढचा मेल त्यांच्या परवानगीने जातो.

उत्तरांचे अर्थ लावायलाही शिका. ‘फीडबॅक चांगला आहे, अप्रूव्हल बाकी आहे’ म्हणजे काम सह्यांपाशी आलंय, आता आठवडाभर त्रास देऊ नका. ‘पोझिशन होल्डवर आहे’ म्हणजे भरतीच थांबली, त्यात तुमचा दोष नाही आणि तुमच्या हातातही काही नाही. ‘आणखी काही जणांना भेटतोय’ म्हणजे तुम्ही पहिल्या क्रमांकावर नाही, पण बादही नाही. आणि ‘तुमचं एक्स्पेक्टेशन फिक्स आहे का, निगोशिएबल आहे?’ असं त्यांनी स्वतःहून विचारलं तर कान टवकारा, तुमची फिटमेंट चालू आहे. घाबरून लगेच आकडा खाली आणू नका. “पूर्ण ब्रेकअप बघून बोलू शकतो मॅडम” एवढं पुरे. ग्रॅच्युइटी, इन्शुरन्स आणि व्हेरिएबल धरून फुगवलेला सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण वार्षिक खर्च) आणि हातात पडणारा पगार यांत किती अंतर असतं ते ब्रेकअप पाहिल्याशिवाय कळत नाही.

व्हॉट्सअॅपबद्दल. मुलाखतीची वेळ त्यांनी व्हॉट्सअॅपवर ठरवली असेल तर एखादा मेसेज तिथे चालतो. निळ्या टिकांकडे बघत बसू नका. व्हॉइस नोट नको, नुसतं प्रश्नचिन्ह नको आणि रोज सकाळी फुलांचं चित्र तर अजिबात नको. हसू नका, येतात.

तुम्ही भरती करून देणाऱ्या कन्सल्टंटमार्फत गेला असाल तर वरचं सगळं त्याच्याकडे करायचं, थेट कंपनीत नाही. त्याची फी साधारण तुमच्या एका महिन्याच्या पगाराएवढी, म्हणजे वार्षिक सीटीसीच्या 8.33 टक्के, असते. तीही तुम्ही रुजू झाल्यावर मिळते, आणि तुम्ही पहिल्या काही महिन्यांत सोडून गेलात तर त्याला बदली माणूस फुकट द्यावा लागतो. म्हणजे तुम्ही लागावं असं त्याला मनापासून वाटतं. अडचण एवढीच की त्याच जागेसाठी त्याने आणखी चौघे पाठवलेले असतात आणि त्यांच्यापैकी कोणीही लागला तरी त्याचं भागतं. तो महिनाभर ‘फीडबॅक अवेटेड’ म्हणत राहिला तर विचारा, “शेवटचं कोणाशी आणि कधी बोललात?” ज्याने खरंच फोन केलाय तो लगेच सांगतो. त्याला डावलून परस्पर कंपनीत फोन केलात तर फीवरून वाद होईल या भीतीने कंपनीच तुमची फाइल बाजूला ठेवेल.

ओळखीचा माणूस आत असेल तर त्याच्याकडून फक्त स्थिती काढा: फॉर्म भरला गेला का, जागा अजून उघडी आहे का. ‘साहेबांच्या कानावर घाल ना जरा’ नको. आणि वडिलांना फोन करू देऊ नका. प्रेमापोटी करतात, मला कळतं. पण ‘आमच्या मुलाचं काय झालं’ असा फोन आला की त्या मुलाबद्दल जेवणाच्या टेबलावर काय बोललं जातं ते मी ऐकलेलं आहे. आमदारांच्या ऑफिसमधून आलेल्या फोनचंही तेच. त्याने माणूस लागला तरी क्वालिटी हेड त्याला मनातून कधी स्वीकारत नाही.

हातात दुसरी ऑफर असेल तर ती पाठपुराव्यासाठी सगळ्यात सबळ कारण. मात्र खरी असेल तरच. “मला दुसरीकडून लेखी ऑफर आली आहे, अमुक तारखेपर्यंत उत्तर द्यायचं आहे, पण माझी पहिली पसंती तुमची कंपनी आहे” असं एकदाच, मेलवर. एचआर बहुतेक वेळा प्रत मागते. थाप मारली असेल तर तिथेच उघडी पडते. खरी असेल तर अडलेली सही एका दिवसात होते हे मी अनेकदा पाहिलंय.

सरकारी भरतीत यातलं काहीच चालत नाही. एमपीएससी असो, जिल्हा परिषद असो की महापालिका, निकाल संकेतस्थळावर लागतो, आणि फोनाफोनी केल्याने फार तर एखाद्या दलालाच्या तावडीत सापडाल. तिथे विचारायचा सरळ रस्ता म्हणजे 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखालचा अर्ज: फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस.

आणि खासगीतही, तुमच्या मेलनंतर अचानक कोणी फोन करून ‘सिलेक्शन झालंय, सिक्युरिटी डिपॉझिट भरा’, ‘लॅपटॉपचं कुरिअर शुल्क पाठवा’ म्हणालं, किंवा कंपनीच्या नावाने साध्या जीमेलवरून ऑफर लेटर आलं, तर एक रुपयाही पाठवू नका. कंपनीच्या मूळ नंबरवर फोन करून खात्री करा. पैसे गेलेच असतील तर तत्काळ 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार.

किती वेळा विचारायचं? दोन मेल आणि एक फोन. दोन्हींना उत्तर नसेल तर ते दार मनातून लोटून घ्या आणि दुसरीकडे अर्ज चालू ठेवा. खरं तर ते पहिल्या दिवसापासून चालू असायला हवेत, एकाच कंपनीवर नजर लावून बसलेल्या माणसाच्या आवाजात ते ऐकू येतं. महिना-दीड महिन्याने काही नवीन घडलं, नोटीस कमी झाली, एखादं ऑडिटरचं सर्टिफिकेशन पूर्ण झालं, तर पुन्हा एक मेल हक्काने टाका. नकार आला तर रागाने गप्प बसू नका. “कळवल्याबद्दल आभार, पुढे अशी जागा निघाली तर मला नक्की आठवा” एवढ्या दोन ओळी पाठवा. पहिला उमेदवार रुजू होऊन तिसऱ्या आठवड्यात निघून गेला की एचआर इनबॉक्समध्ये अशाच ओळी शोधते.

तुम्ही येत्या शुक्रवारी मेल टाका, नेमणूकपत्र त्याआधी वाचून. ‘तुमचं झालंय’ असं फोनवर कळलं तरी सध्याच्या कंपनीत राजीनामा देऊ नका. ऑफर लेटर कंपनीच्या मेल आयडीवरून आलेलं हवं, त्यात हुद्दा, ग्रेड, कामाचं ठिकाण, सीटीसीचा ब्रेकअप, रुजू होण्याची तारीख आणि ऑफरची मुदत हवी. तोंडी ठरलेली नोटीसची भरपाई नवीन कंपनी देणार असेल तर तेही त्याच पत्रात किंवा निदान त्याच मेलमध्ये लिहून घ्या, कारण रुजू झाल्यावर ते वाक्य कोणाला आठवत नाही.